अकरा हजार कागद

शनवारा, बुऱ्हाणपूर
३० जानेवारी २०२५

चारू,

आशीर्वादाने सुरुवात करायची असते, पण आज हात वळत नाही. तो शेवटी बघू. फोनवर बोललो की माझा आवाज चढतो आणि तू फोन कापतेस. लिहिलेलं कापता येत नाही, म्हणून लिहितोय. नंदकुमार रोज सकाळी शाहपूरला जीप नेतो, त्याच्या हाती देईन. तुझ्या मामीचं म्हणणं, दिवसभर तिचं डोकं खाण्यापेक्षा हे बरं.

सोमवारी सकाळी चहा घेऊन बसलो, खेळ उघडला. माझी मशीन जिथे होती तिथे गवत. नुसतं सपाट गवत, आणि त्यात रोवलेली एक पाटी : 'लॅगमुळे काढलं. अ‍ॅडमिन.'

अ‍ॅडमिन कोण, तर तू. माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी. जूनमध्ये तूच माझ्या कॉम्प्युटरवर तो ठोकळ्यांचा खेळ घालून दिलास. म्हणालीस, मामा, रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, घरात बसून मामीशी भांडता, त्यापेक्षा माझ्या सर्व्हरवर या आणि काहीतरी बांधा. बांधलं. सात महिने बांधलं. नेपानगरच्या मिलमध्ये एकतीस वर्षं फिटर होतो, कागदाच्या मशीनशिवाय मला दुसरं काय बांधता येणार? ऊस तीन ठोकळे उंच झाला की पिस्टन पुढे येऊन तोडणार, पाटाच्या पाण्यातून तो वाहत खाली येणार, हॉपरच्या नरसाळ्यात पडणार, पुढे त्याचा कागद होऊन पेट्यांत जाणार. माणसाने कुठेही हात लावायचा नाही. मिलमध्ये जो क्रम होता तोच क्रम, तेच वळण. वर पत्र्याचं छप्पर दिसावं म्हणून राखाडी ठोकळे खणायला दोन आठवडे डोंगरात घातले.

आणि तू ते एका संध्याकाळी पुसलंस. विचारलं नाहीस, सांगितलं नाहीस. चोर घर फोडतो तोही निदान आपलं नाव पाटीवर लिहीत नाही.

माझ्या मशीनमुळे लॅग येतो हे तुला कोणी शिकवलं? मी पहाटे पाचला बसतो, सगळं लोण्यासारखं चालतं. एक पिस्टन अडकत नाही. तुझ्या कॉम्प्युटर क्लासात गडबड झाली असेल तर तुझ्या क्लासात शोध. माझी मशीन जशी होती तशी परत लाव. मग आशीर्वादाचं बघू.

भास्करमामा


शाहपूर
४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार करते, कारण आई शेजारी बसून बघतेय. बाकी पत्र तिला दाखवणार नाही.

तुम्ही पहाटे पाचला बसता तेव्हा सर्व्हरवर दुसरं कोण असतं? कोणीच नाही. मग लोण्यासारखं चालणारच. आता नीट वाचा. ते सगळं जग माझ्या क्लासच्या एका कॉम्प्युटरवर चालतं. तो कॉम्प्युटर सेकंदाला वीस ठोके देतो आणि प्रत्येक ठोक्याला सगळ्यांचं सगळं हलवतो. तुमचा ऊस, माझं पाणी, कोणाचं दार, कोणाच्या कोंबड्या. काम जास्त झालं की ठोके कमी पडतात. मग ठोकळा फोडला तरी तो परत उगवतो, दार उघडायला गेलं की कपाळ आपटतं. ह्याला लॅग म्हणतात. तुम्हाला हे मी तीनदा समजावलंय आणि तिन्ही वेळा तुम्ही 'होय होय' म्हणालात.

२६ जानेवारीला काय झालं ते तुम्ही विचारलंच नाही, म्हणून सांगते. झेंडावंदनानंतर क्लासात कार्यक्रम होता. माझ्याकडे आशाबाई म्हणून शिकायला येतात. चाळिशीच्या आहेत, डोईफोडियाहून बस धरून येतात. इथे केळीच्या पॅकिंग शेडमध्ये फण्या निवडायचं काम करतात. एक नंबर, दोन नंबर, बाद. बारा वर्षं हेच हाताने केलंय त्यांनी. तेच त्यांनी खेळात बांधलं. एका टोकाने माल टाकायचा, पट्ट्यावरून तीन प्रकार तीन पेट्यांत आपोआप जायचे. मी एक ठोकळा लावून दिला नाही, सगळं त्यांचं. माउस धरता येत नव्हता त्या बाईला नोव्हेंबरपर्यंत.

कार्यक्रमाला शेडच्या बाया आल्या, मुकादम कडू आला. आशाबाईंनी माल टाकला. मोठ्या पडद्यावर सगळे बघत होते. पहिली दोन मिनिटं बरोबर गेलं, आणि मग माझा सर्व्हर गुडघ्यावर आला. पट्टा थांबायचा, एकदम उडी मारायचा, एक नंबरचा माल बादच्या पेटीत. कडू म्हणाला, बाई, तुझा हातच बरा आहे, मशीनच्या नादी लागू नको. सगळे हसले. शेडच्या बायासुद्धा. आशाबाईंनी माउस खाली ठेवला आणि चपला घालून निघून गेल्या. त्यानंतर आलेल्या नाहीत.

मग मी शोधायला बसले. तुमच्या मशीनच्या खाली, तळघराच्याही खाली, एक बोगदा सापडला. तुम्ही मला कधी दाखवला नाही तो. त्यात गोल पाणी, आणि पाण्यात गरगर फिरणारे कागद. मोजले. अकरा हजार. पेट्या भरल्या की वरचा माल लाव्ह्यात सोडायचा, जाळून टाकायचा, हे मी तुम्हाला ऑक्टोबरमध्ये सांगितलं होतं. सगळे तेच करतात. जमिनीवर पडलेली वस्तू खेळात पाच मिनिटांनी आपोआप नाहीशी होते, तुम्ही तेही होऊ दिलं नाही. हॉपरने उचलायचे, परत पाण्यात फेकायचे, उचलायचे, फेकायचे. हे मुद्दाम केलंय मामा. चुकून होत नाही असं.

आणि मशीनला बंद करायचा खटकाच नाही. वर तुमचं खातं चोवीस तास चालू, कारण तुम्ही की-बोर्डच्या बटणावर अडकित्ता ठेवून झोपायला जाता, म्हणजे खेळ तुम्हाला बाहेर काढत नाही आणि मशीन रात्रभर चालते. मला मामीने सांगितलं.

पुसायच्या आधी मी कॉपी काढलीय. ती १ मार्चला आपोआप पुसली जाईल, माझ्याकडे जागा नाही. परत हवी असेल तर दोन अटी. लाव्हा लावायचा आणि खटका लावायचा. नाहीतर विसरा.

चारुलता


शनवारा
९ फेब्रुवारी

चारू,

सुमित्रा फितूर आहे हे मला लग्नापासून माहीत आहे. अडकित्त्याचं तू लिहिलंस म्हणून तिला विचारलं, तर म्हणते, सुपारी कातरायला मिळत नव्हती, सांगणार नाही तर काय?

बोगदा मी लपवला. मान्य. का लपवला ते ऐक.

मिलमध्ये चालत्या मशीनवर कागद तुटला की तो खालच्या खड्ड्यात पडतो. त्याला ब्रोक म्हणतात. ब्रोक कोणी फेकत नाही. परत पाण्यात, परत लगदा, परत कागद. एकतीस वर्षांत मी चांगला कागद जाळलेला पाहिला नाही आणि कोणी जाळला असता तर प्रकाश फोरमनने त्याची गचांडी धरली असती. तुमच्या ह्या खेळात कागदाचा परत लगदा होत नाही. हा खेळ करणाऱ्यांचा अडाणीपणा. मी काय करणार? लगदा करता येत नाही तर निदान फिरता ठेवला.

तू सांगितल्यावर लाव्हा करून बघितला होता. खोटं वाटेल, पण केला होता. एक कागद टाकला. फुस्स झालं आणि गेला. दुसरा टाकवला नाही. दोन दिवस मी खेळ उघडलाच नाही, मग बोगदा खणला.

खटक्याचं म्हणशील तर कागदाची मशीन थांबवायची नसते. तीन पाळ्या, दिवाळीला सुद्धा. मशीन थांबली की अख्ख्या कॉलनीत लोक दारात येऊन विचारायचे, काय झालं. मला थांबलेली मशीन बघवत नाही. ही माझी सवय आहे आणि अडुसष्टाव्या वर्षी ती बदलणार नाही.

आता तुझं. सगळा दोष माझ्या माथी मारायला तुला बरं पडतंय. तुझा कॉम्प्युटर किती जुना आहे? खेळात माझ्या भिंतीपलीकडे संतोषने तीनशे कोंबड्या कोंडल्यात, त्या ठोक्याला हलत नाहीत का? त्याची पाटी कुठे आहे? आणि तुझ्या आशाबाईची मशीन. आठ वर्षं नव्या पोरांना मशीनवर शिकवलंय मी, पहिल्या खेपेला सगळ्यांची जुळणी कच्ची असते. चार माणसांसमोर मांडायच्या आधी तू ती नीट तपासून घ्यायला हवी होतीस. कच्ची मशीन पडली आणि खापर पक्क्या मशीनवर.

अटी मंजूर नाहीत. माझी मशीन आहे, माझ्या पद्धतीने चालेल. तू फक्त जागेची मालकीण.

भास्कर


शाहपूर
१४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार राहू द्या.

तुमचं पत्र वाचून मी भांडी आपटली, आई घाबरली. मग विचार केला, भांडून काय होणार, बघूनच टाकू. क्लासचा कॉम्प्युटर रात्री रिकामा असतो. त्यावर कॉपी लावली. जग पूर्ण रिकामं, ना संतोषच्या कोंबड्या, ना दुसरं कोणी. फक्त दोन मशिनी. तुमची आणि आशाबाईंची.

वीसपैकी सात ठोके. आशाबाईंचा माल तिसऱ्या मिनिटाला चुकीच्या पेटीत.

मग फक्त तुमचे अकरा हजार कागद काढले. बाकी कशाला हात लावला नाही. वीसपैकी एकोणीस. मी घड्याळ लावून समोर बसले, एक तास. दोन हजार नग टाकले. एकही चुकला नाही मामा. एकही नाही. मग तुमची मशीनही पूर्ण काढली आणि आणखी एक तास बसले. तेच.

आशाबाईंची मशीन पक्की होती. तुमच्या सगळ्या नव्या पोरांपेक्षा पक्की. कच्ची म्हणालात ना, ते मला फार लागलं. त्यांच्यासाठी लागलं. शेडमध्ये त्यांना आता 'मशीनवाली' म्हणतात. कडू रोज विचारतो, मशीनवाली, आज हाताने निवडणार का बटणाने? हे मला शेडच्याच एका बाईने सांगितलं. मी तीनदा फोन केला आशाबाईंना. म्हणतात, मॅडम, वेळ मिळत नाही. मतलब साफ आहे, येणार नाहीत. त्यांना मी खरं सांगितलं तर त्यांना वाटतं मी समजूत काढतेय.

तुम्हाला विचारून पुसायला हवं होतं, हे माझं चुकलं. पण त्या संध्याकाळी विचारलं असतं तर तुम्ही 'होय होय' म्हणाला असतात.

तुमच्या मशीनची काळजी मला कळत नाही असं समजू नका. ते पत्र्याचं छप्पर मलाही आवडायचं, नवीन कोणी आलं की मी आधी तिथे न्यायचे. पण आता मला तिच्याबद्दल बोलायचंच नाही. कॉपी १ मार्चपर्यंत आहे. हवं ते करा. माझी माफी मागू नका, माझं काही बिघडलेलं नाही.

चारुलता


शनवारा
२० फेब्रुवारी

चारू बेटा,

मी सुमित्रामामी. तुम्हा दोघांची पत्रं मी वाचली आहेत. ह्यांनी गादीखाली ठेवली होती, गादी रोज मीच उचलते.

तुझं शेवटचं पत्र आल्यापासून ह्यांनी खेळ उघडला नाही. अडकित्ता मला परत दिला. दोन दिवस कागदावर काहीतरी मांडत बसले, सात ठोके, एकोणीस ठोके, गुणाकार, भागाकार. मी म्हटलं, हिशेब पटला नाही का? तर म्हणे, पटला, तेच तर वाईट झालं. मग माझ्यावरच ओरडले, वरणात मीठ जास्त आहे म्हणून. मीठ बरोबर होतं.

आज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. कुठे, तर सांगत नाहीत. नंदकुमारला विचारलं, म्हणाला, शाहपूरच्या जीपमध्ये बसले नाहीत, खकनारकडच्या बसमध्ये चढताना दिसले. त्या बाजूला आपलं कोणी नाही. मला तर एक डोईफोडियाच आठवतं, तेही तुझ्या पत्रातलं.

तुझ्याकडे आले तर आधी जेवू घाल, मग काय बोलायचं ते बोल. उपाशी पोटी हा माणूस कोणाचं ऐकत नाही. आणि तूही जरा आवाज खाली ठेवत जा, तुझी आई मला फोन करून रडते.

मामी


शनवारा
२३ फेब्रुवारी

चारू,

गुरुवारी डोईफोडियाला गेलो होतो. मामीने तुला कळवलं आहेच, ती काही पोटात ठेवत नाही.

आशाबाईचं घर विचारत विचारत गेलो. ती अंगणात तुरी पाखडत होती. मी कोण हे सांगितलं. म्हटलं, बाई, तुमची मशीन बरोबर होती, माझ्या मशीनमुळे तुमचा माल चुकला. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या भाऊ, मोठे आहात. तिने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "मले घरी येऊन काय सांगता? हासले ते शेडमधी हासले. तिथं सांगा." पाणी विचारलं नाही. मीही बसलो नाही.

बसमध्ये मला तिचा फार राग आला. अडुसष्ट वर्षांचा माणूस दोन बस बदलून आला, तर अशी वागणूक. घरी येईपर्यंत राग करत होतो. रात्री जेवताना कळलं की बाईने बरोबर जागा सांगितली.

काल सकाळी शाहपूरला शेडवर गेलो. तुझ्या क्लासवरून गेलो, आत आलो नाही. शेडमध्ये दहा-बारा बाया फण्या धूत होत्या, आशाबाई टोकाला. मुकादम कडू खुर्चीवर. मी म्हणालो, सव्वीस तारखेला ह्या बाईंची मशीन चुकली नव्हती, ती मी पाडली. सगळं सांगितलं. ठोके सांगितले, बोगदा सांगितला, अकरा हजार कागद सांगितले. कडू म्हणाला, काका, ह्या वयात कागदाचा खेळ खेळता? आणि हसला. बाया पण हसल्या. माझे कान तापले. मिलमध्ये एकतीस वर्षांत माझ्यावर असं कोणी हसलं नव्हतं. मी उभा राहिलो तसाच. मग म्हणालो, हसा, पण आता माझ्यावर हसा, तिच्यावर नको. तुमच्यापैकी कोणालाही नोव्हेंबरात शिकून जानेवारीत अशी मशीन बांधता येत असेल तर उद्या माझ्या घरी या, मी पाय धुतो तिचे. कडू उठून वजनकाट्याकडे गेला. त्याचा आवाज मोठा असेल, माझा मिलमधला आहे, चालत्या मशीनवर ऐकू जायचा.

आता तुला एक सांगायचंय, ते मी मागच्या पत्रात सांगितलं नाही. मशीन थांबवायची नसते असं मी लिहिलं. ते अर्धं खरं आहे. मिलमधल्या मशीनला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक दोरी बांधलेली असायची. कोणाचा हात रोलात अडकला की कोणीही ती ओढायची. साहेब असो की झाडूवाला, विचारायचं नाही. एकतीस वर्षांत मी ती चार वेळा ओढली. चारही वेळा मशीन थांबली म्हणून बोलणी खाल्ली आणि चारही वेळा परत ओढली असती. तुझ्या खेळात मी सगळं बांधलं, छप्परसुद्धा बांधलं, ती दोरी तेवढी बांधली नाही. मला वाटलं, इथे कोणाचा हात अडकणार?

तू ओढलीस. विचारलं नाहीस म्हणून मी तुला चोर म्हणालो. दोरी ओढणारा विचारत नसतो, हे मला माहीत असायला हवं होतं. तरी राग गेलेला नाही, हेही लिहून ठेवतो. सात महिने होते ते. तुझ्यावर आहे की माझ्यावर, ते मला अजून कळलेलं नाही. बराचसा माझ्यावर असावा.

शेडमधून निघताना आशाबाई माझ्यामागे फाटकापर्यंत आली. हात ओलेच होते. म्हणाली, पुढच्या आठवड्यापासून क्लासला येते, मॅडमला सांगा. मी म्हटलं, सांगतो. मग म्हणाली, पण भाऊ, तुमची मशीन तिथं पुन्हा लागली तर मी नाही येणार. मी म्हटलं, लाव्हा लावून, खटका लावून, सगळं कमी करून लावली तर? तिने हात पदराला पुसले. म्हणाली, नाही, मले आता ते चालताना पाहायचंच नाही.

मी तिला होय म्हणालो. ह्या वेळी एकदाच म्हणालो.

१ मार्चची वाट बघू नकोस. हे पत्र मिळालं की कॉपी पुसून टाक, आणि झालं की कळवू नकोस. आशाबाई आली की कळव.

आशीर्वाद.

भास्करमामा